पाणी कुणाच्या हातचं?

दोस्तांनो, आधी माझी चोरी सांगतो, मग इतिहास सांगतो. उलटं केलं तर मी प्राध्यापक होईन, आणि ते आपल्याला जमणारं नाही.

ट्रॉम्बेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा राहतो. सगळे त्याला मामा म्हणतात. गाव नगर जिल्ह्यातलं. जात विचाराल तर आपलीच. पण आज्या-पणज्याच्या काळापासून घराणं ख्रिस्ती. भिंतीवर येशू, येशूच्या शेजारी बाबासाहेब. एकच हार तोडून दोघांना अर्धा अर्धा घातलेला.

मागच्या एप्रिलात जयंतीची वर्गणी मागत आम्ही चौघं गल्लीत फिरत होतो. मामाचं दार ओलांडून आम्ही पुढं निघालो होतो. त्यानंच हाक मारली. आमच्यातला एकजण म्हणाला, "तुमचं काय काढलं मामा? तुम्ही येशूवाले. तुमचा नाताळ आहे की." सगळे हसले. मीपण हसलो. मामा आत गेला, शंभराची नोट घेऊन आला. आम्ही पावती फाडली. तो म्हणाला, "पाणी तरी घ्या रे पोरांनो, ऊन किती हाय." मी म्हटलं, "नको मामा, घाई आहे."

पुढच्या घरात आम्ही सरबत पीत अर्धा तास बसलो.

वर्गणीदारांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडं होतं, माझं अक्षर बरं म्हणून. मामाचं नाव मी लिहिलं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हातानंच गाळलं. मी कविता लिहितो, विषमतेवर लिहितो, टाळ्या घेतो. आणि माझा हात असा.

त्या रात्री झोप येईना. रिफायनरीच्या चिमणीची ज्योत आमच्या पत्र्यावर लाल-पिवळी हलत असते, ती बघत पडलो. एकच प्रश्न डोक्यात. मी मामाच्या हातचं पाणी नाकारलं, ते घाईनं की आणखी कशानं? याचं उत्तर शोधायला मी इतिहासात गेलो. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या स्टॉलवर घेतलेली पुस्तकं आणि पाळी सुटल्यावर गाठलेलं वाचनालय, एवढीच माझी युनिव्हर्सिटी. तिथं जे सापडलं ते मांडतो.

आधी पायाखालची जमीन बघू. ट्रॉम्बे, जुनं नाव तुर्भे. आज लोकांना इथलं अणुकेंद्र ठाऊक असतं, खताचा कारखाना ठाऊक असतो. फार तर १९७६ साली आणीबाणीत जनता कॉलनी उठवून माणसं चिता कॅम्पात आणून टाकली, हे म्हाताऱ्यांना आठवतं. पण त्याआधी हा सगळा पट्टा पोर्तुगीजांचा होता. १५३४ सालच्या वसईच्या तहानं हा मुलूख त्यांच्याकडं गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पानं वसई जिंकली तेव्हा सुटला. दोनशे वर्षं. त्या दोनशे वर्षांत इथले कोळी, भंडारी, कुणबी, ब्राह्मणसुद्धा ख्रिस्ती झाले. १८८७ साली त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन हे नाव घेतलं.

धर्म बदलला, जात गेली का? वसईकडं बघा. सामवेदी, वाडवळ, कोळी. देव एक, क्रूस एक, आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या कोंडाळ्यात. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावरून वाहून गेलं, जातीचा मळ तसाच राहिला.

दक्षिणेत तर याहून वाईट. मदुरेला १६०६ साली आलेल्या रॉबर्ट दि नोबिली या पाद्र्यानं ब्राह्मणांना ओढण्यासाठी स्वतः ब्राह्मण संन्याशासारखं राहणं पत्करलं. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणानं जानवं घालावं की नाही यावर वाद झाला, आणि १६२३ साली रोमहून पोपनं घालायला मुभा दिली. पुढं तामिळ मुलखात वडक्कनकुलमच्या चर्चमध्ये वरच्या आणि खालच्या जातींच्या मध्ये चक्क भिंत होती. ती १९१० साली पाडली. म्हणजे येशू आत, आणि त्याच्या घरात गावकूस!

पण दोस्तांनो, गोष्ट इथंच संपवली तर ती सोपी होते, आणि सोप्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. आता आपल्या मुलखात या.

१८१३ साली अमेरिकेचे मिशनरी मुंबईत उतरले. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला ठाणं घातलं. ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तेच नगर. त्यांना वाटलं ब्राह्मण येतील. ब्राह्मण आले ते बोटावर मोजण्याइतके. आले ते महार आणि मांग. त्याच नगरात सिंथिया फरार नावाची एक बिनलग्नाची अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत होती. ती शाळा बघूनच जोतिबांच्या मनात मुलींच्या शाळेनं घर केलं. सावित्रीबाई तिच्याकडंच शिकवण्याचं शिक्षण घ्यायला गेल्या. आणि जोतिबांच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, तिचा महार-मांगांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली छापला कुणी? मिशनऱ्यांच्या 'ज्ञानोदय'नं. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या पोरीनं केला. पुण्यात तेव्हा विद्वान कमी नव्हते. छापायची छाती त्या कागदाची झाली. हे ऋण नाकारणारा अवलाद बेइमान.

आता ज्या बाईसाठी मी हे लिहायला बसलो ती बाई. लक्ष्मीबाई टिळक.

नाशिकजवळ जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी, जन्म १८६८. बाप सोवळ्याचा इतका वेडा की बाहेरून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात चालायची नाही. अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. टिळक कवी, डोक्यानं भिंगरी, आज इथं उद्या तिथं. आगगाडीत एका गोऱ्या माणसानं त्यांना बायबल दिलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळक ख्रिस्ती झाले. चित्पावन ब्राह्मण बाटला! नातेवाइकांनी लक्ष्मीबाईला नवऱ्यापासून दूर ठेवलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग ती नवऱ्याकडं नगरला आली, पण आपलं सोवळं गाठोड्यात बांधून घेऊन आली. नवरा ख्रिस्ती, भोवती महार-मांग ख्रिस्ती, आणि बाईची चूल वेगळी, पाणी वेगळं.

टिळकांनी जबरदस्ती केली नाही. तिचं सोवळं तिला पाळू दिलं. आणि मग एक दिवस, बाप्तिस्मा घेण्याच्याही आधी, बाईनं स्वतःच विचार केला. ही जात केली कुणी? देवानं केली असती तर माणसाच्या अंगावर खूण दिसली असती. खूण तर कुठं दिसत नाही. म्हणजे ही माणसानंच केली. ठरलं. इथून पुढं कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली, राहुरीला. म्हणजे जात आधी गेली, धर्म मागून आला. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

ही सगळी हकीकत तिनंच 'स्मृतिचित्रे'त लिहिली. १९३४ पासून भागाभागानं ते पुस्तक आलं, आणि १९३६ साली बाई गेली. शाळेत न गेलेली बाई. पुस्तकात ती स्वतःच्या बापाच्या सोवळ्याला हसते, स्वतःच्या सोवळ्याला त्याहून जास्त हसते. मी किती थोर, किती पुढारलेली, असा आव कुठं नाही. मी किती खुळी होते, एवढंच. मला विचाराल तर नम्रता म्हणतात ती हीच. आपल्या अंगावरची घाण चारचौघांत स्वतःच्या हातानं दाखवणं.

टिळकांचंही असंच. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत. अभंग लिहिले, 'ज्ञानोदय' चालवला. पण मिशनमध्ये गोरा साहेब वर आणि देशी पाळक त्याच्या हाताखाली, ही उतरंड त्यांना सोसेना. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथं जागा. दोन वर्षांनी, १९१९ साली, मुंबईत वारले. गोऱ्या माणसाचा अहंकार त्यांना बरोबर दिसला. कारण त्या उतरंडीत ते स्वतः खालच्या मडक्यात होते. खालच्या मडक्याला वरच्याचं ओझं कळतं. वरच्याला खालच्याचं कळत नाही. हा नियम टिळकांना लागू, मिशनऱ्यांना लागू, आणि मलाही लागू. तिकडं येतोच.

तिसरं नाव पंडिता रमाबाई. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं ते वरच्या जातीच्या विधवांसाठी. स्वतः ख्रिस्ती, पण सदनातल्या बायकांना आपापली जात, आपापलं सोवळं पाळायची मुभा. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ १९०० चा. रमाबाई दुष्काळी मुलखात गेल्या आणि शेकडो उपाशी पोरी उचलून केडगावला आणल्या. उपाशी पोरीला जात विचारून कोण आणतं? जिचे स्वतःचे आईबाप दुष्काळात अन्नावाचून गेले, ती तरी विचारणार नाही. ब्राह्मण विधवांसाठी निघालेलं काम दुष्काळानं सगळ्या जातींचं केलं. प्रवचनानं जे झालं नाही ते भुकेनं केलं.

ही तीन माणसं मी मानतो. तिघंही ब्राह्मण. आणि इथं माझ्या घशात काटा अडकतो.

लक्ष्मीबाईनं ज्यांच्या हातचं पाणी प्यायला सुरुवात केली ते हात कुणाचे? ज्या महार बाईनं, ज्या मांग बाईनं तिच्यासमोर तांब्या धरला, तिचं नाव आपल्यातल्या कुणाला माहीत आहे? मला नाही. पिणारीचं नाव घरोघर आहे. वरून खाली उतरला की पुतळा होतो. खाली उभा असलेला पाणी देतो आणि पुसला जातो. ब्राह्मणानं महाराच्या हातचं पाणी प्यालं तर ती नम्रता. आणि महारानं ब्राह्मणाच्या तळ्याचं पाणी प्यालं तर? तर २० मार्च १९२७. तर लाठ्या आणि दगड. तर तळं गोमूत्रानं शुद्ध करणं. पाणी तेच. प्यायचं धाडस कोण करतो त्यावर त्याचं नाव ठरतं.

म्हणून नम्रता या शब्दाकडं मी संशयानं बघतो. आपल्या बापजाद्यांना हा शब्द दोन हजार वर्षं शिकवला. जोहार घालणं ही नम्रता. गळ्यात मडकं ही नम्रता. येसकर होऊन भाकरी मागणं ही नम्रता. त्याला नम्रता म्हणत नाहीत, लाचारी म्हणतात. बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभं राहायला शिकवलं, ते या नम्रतेतून बाहेर काढण्यासाठी.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचाही हिशोब मांडला आहे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला घोषणा झाली, आणि सगळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडं धावले. ३१ मे १९३६ ला मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी 'मुक्ती कोन पथे?' हे भाषण केलं. हिंदू म्हणतात, मुसलमानांत आणि ख्रिश्चनांतही जाती आहेत, मग धर्म बदलून काय मिळणार? बाबासाहेबांचं म्हणणं असं की जाती तिथंही आहेत, पण त्या त्यांच्या धर्माचा पाया नाहीत. त्यांना जात मोडायची तर धर्म आडवा येत नाही. हिंदूला येतो.

पण त्यांनी मिशनऱ्यांनाही सोडलं नाही. त्यांचे दोन लेख सरकारनं १९८९ साली इंग्रजी पाचव्या खंडात छापले. अस्पृश्यांना ख्रिस्ती करण्याविषयी एक, आणि ख्रिस्ती झालेल्याच्या अवस्थेविषयी दुसरा. मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. मिशनऱ्यांनी शिक्षण दिलं, दवाखाने दिले, हे ते मान्य करतात. पण मग विचारतात की त्याचा फायदा बहुतेक कुणी घेतला? वरच्या जातींनी. धर्म न बदलता. आणि ज्यांनी धर्म बदलला त्यांची जात चर्चच्या दारात गळून पडली का? सायमन कमिशनपुढं दक्षिणेतल्या अस्पृश्य ख्रिश्चनांनी दिलेलं निवेदन त्यांनी तिथं दिलं आहे. त्याचा अर्थ एवढाच की ख्रिस्ती झालो तरी सवर्ण ख्रिस्ती आम्हाला अस्पृश्यच मानतात. शिवाय ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध लढत नाही, ही बाबासाहेबांची सगळ्यात कडक तक्रार.

हे वाचून मी खूश झालो. म्हटलं, बघा, आपलं बरोबर. मामा चुकला, आपण बरोबर. बाबासाहेबांनीच सांगितलंय.

आणि मग पुढचं वाचलं. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ साली शीख त्यात घेतले. आणि आपण? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपल्या लोकांनी दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्राच्या दप्तरात आपण अस्पृश्य राहिलो नाही. गावात राहिलो, दप्तरात नाही! १९९० पर्यंत. चौतीस वर्षं आपले बाप ओरडत होते की धर्म बदलला म्हणून गावानं आमच्यासाठी विहीर उघडली नाही, मग सवलत का काढली? हेच मामाचे लोक आजपर्यंत ओरडताहेत. १९८५ साली सुप्रीम कोर्टात गेले, हरले. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं की धर्माची अट काढा. २०२२ साली पुन्हा बालकृष्णन आयोग नेमला. आपण चौतीस वर्षं ज्या दाराबाहेर उभे होतो, त्या दारात आता आपण आत आहोत आणि मामा बाहेर आहे. आणि आपल्यातले काही आतून कडी धरून उभे आहेत. आमच्या वाट्यातलं जाईल म्हणून. ही भाषा ऐकलेली वाटते का, दोस्तांनो? मला वाटली.

म्हणजे उतरंडीत मी खालचं मडकं होतो, तोवर मला वरच्याचं ओझं कळलं. पण माझ्याही खाली एक मडकं आहे. नगरच्या चर्चमध्ये महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका बाकावर बसायला कां-कू करत असतील, तर ती कां-कू त्यांनी रोमहून आणलेली नव्हती, आपल्या गावातूनच नेली होती. महारवाडा वेगळा, मांगवाडा वेगळा, ही भिंत काय पाद्र्यांनी बांधली? आज आपल्या मंडळात मातंग पोरगा सेक्रेटरी का नाही? मैला उचलणाऱ्या मेहतराच्या घरी आपण वर्गणीशिवाय कधी गेलो? आपल्या घरात बायको कुणाच्या नंतर जेवते? मला या प्रश्नांची उत्तरं ठाऊक आहेत. तुम्हालाही आहेत.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी कॅथलिक चर्चमध्ये पाय धुतात. येशूनं मरणाच्या आदल्या रात्री आपल्या चेल्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. मी एकदा दारातून बघितलंय. पाद्री कमरेला टॉवेल गुंडाळून खाली बसतो, बारा माणसांचे पाय धुतो, पुसतो. २०१३ साली पोप फ्रान्सिसनं रोमच्या तुरुंगातल्या पोरांचे पाय धुतले, त्यात मुलीही होत्या, मुसलमानही होते. मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. ज्या देशात पायापासून शूद्र झाला असं सांगितलं, तिथं पायाला हात लावणं ही तर फारच मोठी गोष्ट. पण माझी शंका अशी की पाय धुऊन झाल्यावर पाद्री उठतो आणि आपल्या खुर्चीवर जातो. धुतलेले पाय चालत आपल्या झोपडीकडं जातात. वर्षातून एक संध्याकाळ. खुर्ची तिथंच. नम्रता खुर्ची हलवते का, एवढंच विचारायचं. लक्ष्मीबाईनं आपली वेगळी चूल कायमची विझवली. टिळकांनी पगार सोडला. तिथं खुर्ची हलली. म्हणून मी त्यांना मानतो.

आणि आपण? आपल्याकडं खुर्ची नाही असं आपल्याला वाटतं. फळा आहे ना. खडू आहे ना. कुणाचं नाव लिहायचं, कुणाचं गाळायचं, हे ज्याच्या हातात आहे त्याच्याकडं खुर्ची आहे.

परवा पाळीवरून सुटलो तो थेट मामाकडं गेलो. म्हटलं, "मामा, पाणी द्या." त्यानं तांब्या भरून दिला. मी प्यालो. मग त्याला फळ्याचं सांगितलं. नाव मी लिहिलं नव्हतं, मुद्दाम.

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला ठाव हाय. मी बघितला होता फळा."

बस, एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, रागावलाही नाही. तांब्या विसळून पालथा घातला. मला वाटलं होतं पाणी प्यालं की हलकं वाटेल. वाटलं नाही. एक तांब्या पाणी पिऊन इतिहास धुतला जात नाही, हे लक्ष्मीबाईलाही ठाऊक असणार. म्हणून तर तिनं म्हातारपणी सगळं लिहून ठेवलं.

मीही म्हणून लिहून ठेवतोय. येत्या एप्रिलच्या आत आपापल्या मंडळाच्या वह्या उघडा. कुणाचं नाव गळलंय ते बघा. कुणी सांगितलं म्हणून गळलं की हातानंच गाळलं तेही बघा. नाव लिहा, आणि त्याला कमिटीत बसवा. मामा जयंतीत येशूचं नाव घेईल, घेऊ द्या. त्याच्या भिंतीवर बाबासाहेब आपल्या आधीपासून आहेत.

जय भीम.